नऊ खुंट्या, सात खुणा

गुरुवारी दुपारी आम्ही दोघांनी गाडीच्या डाव्या चाकाला वंगण घातलं. अनसाबरोबर मी केलेलं ते शेवटचं काम. आधी कळलं असतं तर उजवंही चाक काढलं असतं.

चाक उभं धरायचं काम तिचं. दोन्ही हातांनी धरायची आणि वरून हनुवटी टेकवायची, खोडकर वासराला धरल्यासारखी. मी आसाला बोटानं वंगण फासत होतो आणि तिची मनगटं किती वाळलीत ते बघत होतो. तेवढ्यात तिला उचकी लागली. हनुवटी चाकावर होती, त्यामुळं उचकीबरोबर चाकही हाललं.

"पडदा हाललाय वाटतं," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"कृष्णी," ती म्हणाली. कृष्णी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, इस्लामपूरला दिलेली. उचकी गेली नाही. "हौसाक्का. मास्तर. आमची आय." हौसाक्का तिची थोरली बहीण; आई तिची कधीच वारलेली. उचकी चालूच. मग उचक्या देत देतच तिनं माझ्याकडं बघितलं. "आवं, त्या फेरीला... खरंच एकदाबी न्हाई?"

"चाक नीट धर," मी म्हणालो.

तिनं धरलं. चाक बसलं, खीळ बसली. आणि त्याच दिवशी दिवे लावायच्या वेळेला अनसा गेली. कंदिलाची काच पुसत होती. "जरा टेकते," म्हणाली आणि भिंतीला टेकली. पण त्याआधी काच नीट बाजूला ठेवली. लढाईपासून कंदिलाची काच मिळायची मारामार, म्हणून जाता जाताही तेवढं बघितलं तिनं. ती काच अजून आहे. तिला साधा तडासुद्धा नाही.

हे लिहायला मला मगदूम मास्तरांनी लावलं. आमच्या उंब्रजच्या शाळेत ते मास्तर आहेत आणि आमच्याच पडवीतल्या खोलीत राहतात. माझं शिक्षण दुसरी, तीही अर्धी. तेव्हा शुद्धलेखन त्यांचं आणि मजकूर माझा. मजकुराला त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलंय, कारण त्यात त्यांचंही बरंवाईट येणार आहे. आणखी एक. 'अनसा' हे नाव मी इथं लिहितोय, पण तोंडानं कधी घेतलेलं नाही. 'अगं' आणि 'ऐकलंस का' एवढ्यावर आमचा चाळीस वर्षांचा संसार झाला.

आता उचकीचं सांगतो.

आमच्याकडं उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. एकेकाचं नाव घ्यायचं. बरोबर माणसाचं नाव आलं की उचकी बंद. सगळेच करतात हे. घोटभर पाणी पितात, दोनचार नावं घेतात आणि कामाला लागतात. अनसाचं तसं नव्हतं. ती हे काम जमिनीची मोजणी करावी तसं करायची. आधी माहेर, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग सासर. मग गल्ली, एका टोकापासून. मग जिची चाळण परत द्यायची राहिलीय ती. मग मेलेली माणसं. मेलेल्यांना कशाला मध्ये आणतेस, असं मी एकदा म्हणालो तर म्हणाली, "त्यास्नी तर आठवन काढायबिगर दुसरं कामच न्हाई."

एवढं सगळं होऊन उचकी राहिलीच, तर ती माझी. कारण माझं नाव तिला घेता येत नव्हतं.

बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत सगळीकडचीच. पण अनसानं त्या रीतीची पार दमछाक केली होती. माझं नाव दगडू. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं असलं नाव ठेवलं. त्यामुळं लग्न झाल्यापासून अनसानं 'दगड' हा शब्द टाकला. धोंडा म्हणायची, गोटा म्हणायची, फार झालं तर "ते बघा, पायात आलंय ते" म्हणायची. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाला ती 'मैलाचं ते' म्हणायची. मी गाडीवान माणूस. गूळ भरून सांगलीच्या पेठेला जायचं आणि तिकडून हळद आणायची, तीन दिवस जायला, तीन यायला. जाताना ती विचारायची, "पेठनाक्याच्या पुढं किती मैलाचं ते हायत?" मला कळायचं. दुसऱ्याला वेड लागलं असतं.

एकदा तारळी नदीच्या उतारावर भरली गाडी मागं सरकायला लागली. बैल नवे होते, पाय रोवेनात. मी पुढं जुवाला लटकलो होतो, अनसा मागं. चाकाखाली दगड लावायचा म्हणजे काम भागलं. पण हाक कशी मारणार? ती ओरडली, "धोंडा! आरं धोंडा लावा कुनीतरी, धोंडा!"

मागच्या गाडीवर धोंडी होता. धोंडी माझा जोडीदार, आमच्या दोघांच्या गाड्या कायम मागंपुढं. आपलंच नाव घेऊन बाई ओरडतेय म्हणून तो उडी टाकून धावत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"काय लावू, वैनी?"

"आवं धोंडा लावा!"

"आलोय की मी! काय लावू?"

तोवर गाडी आपोआप एका खाचेत बसली म्हणून वाचलो. धोंडी पुढं सहा महिने गावभर सांगत होता, "वैनी मला चाकाखाली घालीत हुती, निस्तं नवऱ्याचं नाव तोंडात येऊ नये म्हनून."

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिचं म्हणणं. पण उखाण्यात घेतलेलं चालायचं. ते कसं काय, असं विचारलं तर म्हणायची, "यमाला वाटतं, बाई गानं म्हंतीया." म्हणजे माझी उचकी थांबवायला उखाणा हा एकच रस्ता होता. लग्नातला उखाणा चांगला चार ओळींचा होता. पण उचकी लागलेल्या माणसाला चार ओळी निभत नाहीत. तिसऱ्या ओळीला उचकी यायची आणि नेमकं नाव गिळलं जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं स्वतःच एक आखूड केला.

"उंबऱ्यावर गोटा, दगडूरावांचा राग मोठा."

दोन उचक्यांच्या मधल्या जागेत तो बरोबर बसायचा. आणि खरं सांगतो, माझं नाव आलं की उचकी थांबायची. का थांबायची ते मला विचारू नका.

म्हशीचंही सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची एक म्हैस होती, मुरी नावाची. चारा मिळेना म्हणून मसूरच्या एका शेतकऱ्याला दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी अनसाला उचकी लागली ती जाईना. माहेर झालं, सासर झालं, गल्ली झाली, मेलेले झाले. माझा उखाणाही झाला, दोनदा. मी तर समोर बसून भाकरी खात होतो. मग एकदम ती थांबली, गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मुरी."

उचकी बंद.

"चला मसूरला," ती म्हणाली.

"म्हशीनं आठवन काढली म्हनून मसूरला? लोक काय म्हंतील?"

"लोकांना उचकी लागली न्हाई. मला लागलीया."

गेलो. चालत. तिथं तो शेतकरी कपाळाला हात लावून बसलेला. तीन दिवस म्हैस दूध चोरत होती, धारेला बसलं की लाथ. अनसा सरळ गोठ्यात शिरली. जाऊन मुरीच्या मानेखाली खाजवलं, "काय गं भवाने," एवढं म्हणाली आणि कासंडी मागितली. भरून दिली. मग त्या घरच्या सुनेला हाताला धरून तिथंच बसवलं, कुठं खाजवायचं ते दाखवलं आणि तसंच माघारी निघाली. पुन्हा मुरीकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. वाटेत मला म्हणाली, "वळून बघितलं असतं तर तिनं उद्या पुन्ना आठवन काढली असती."

ही गोष्ट मी मास्तरांना सांगितली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

मास्तर सांगलीकडचे, जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारे. त्यांच्याकडं खिशातलं घड्याळ होतं आणि शास्त्राची पुस्तकं होती. संध्याकाळी पडवीत बसून ते लढाईची बातमी वाचून दाखवायचे. बाकीचे कान देऊन ऐकायचे, कारण निम्म्या घरांतली पोरं पलटणीत होती. बातमी संपली की अनसाचे प्रश्न सुरू व्हायचे.

"मास्तर, एकाला जांभई आली की दुसऱ्याला का येती?"

"काकी, शास्त्राला अजून नीट ठाऊक नाही."

"आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या का व्हत न्हाईत?"

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "त्याचंही अजून..."

"आमचा सर्जा बैल त्या आंब्याखाली रोज का थांबतो? मारलं तरी हालत न्हाई घटकाभर."

"अजून नाही, काकी."

"तुमचं शास्त्र कितवी शिकलंय?" अनसा म्हणाली. "आमच्या ह्यांच्यासारखं दुसरीच दिसतंय."

मास्तर रागावले नाहीत. मास्तरांचा हा गुण मला मान्य आहे. उलट दुसऱ्या दिवशी जांभईची परीक्षा घ्यायला स्वतः गोठ्यात आले. अनसा बैलांसमोर उभी राहिली आणि एक मोठी, खोटी जांभई दिली. बैल रवंथ करत राहिले. दुसरी दिली. तिसरीला सर्जानं हा एवढा जबडा उघडला. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. आणि लिहिता लिहिता त्यांनाही जांभई आली.

उचकीबद्दल मात्र मास्तर ठाम होते. छातीच्या आणि पोटाच्या मध्ये एक पडदा असतो, तो झटका देतो, तीच उचकी. "झटका कसा बसतो ते ठाऊक आहे," ते म्हणाले. "कशासाठी बसतो, माणसाला त्याचा काय उपयोग, ते अजून कुणालाच सांगता येत नाही."

"मी सांगते की," अनसा म्हणाली.

"बरं, मला एक सांगा काकी. तात्यांचं नाव घेतलं की तुमची थांबते. उखाणा तर तयारच आहे. मग आधी गावभर यादी कशाला करता?"

मी बैलांना दावं लावत होतो. माझी पाठ तिकडं आहे, मला ऐकू जाणार नाही असं समजून ती बोलली. "थांबवायची घाई काय हाय, मास्तर? कुनीतरी आठवतंय, आठवू दे की घटकाभर. नाव घेतलं म्हंजी त्येच्या तोंडावर हात ठेवल्यासारकं हुतंय."

मी त्या दाव्याची गाठ दोनदा बांधली. माणसं बायकोसमोर खाकरतात, शिंकतात, भांडतात. पण असलं काही ऐकलं की काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मास्तरांनी परीक्षा ठरवली. लढाई चालू होती, हिवाळा होता, आभाळ स्वच्छ. मी सांगलीला निघालो होतो. मास्तरांनी मला एक कागद आणि पेन्सिलीचा तुकडा दिला. कागदाची तेव्हा टंचाई, तरी वहीतलं अख्खं पान फाडून दिलं. अनसाची आठवण आली की वेळ लिहायची. घड्याळ नव्हतं, तर 'कासराभर दिवस वर', 'दिवस माथ्यावर', असं चालेल म्हणाले. अनसाला लिहिता येत नव्हतं. तिनं आपली तोड आपणच काढली. अंगणात मांडवाची मेढ होती, मधला उभा खांब. उचकी लागली की मेढीच्या सावलीच्या टोकावर ती बाभळीची एक खुंटी ठोकणार. संध्याकाळी मास्तर जेवून येऊन ती जागा वहीत उतरवून घेणार. दिवस मावळल्यावरच्या उचक्या धरायच्या नाहीत, असं ठरलं.

"खोटं चालणार नाही, तात्या," मास्तर म्हणाले.

"मी कशाला खोटं बोलतोय?" मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

पहिली आठवण कराडच्या पुढं. भाकरीचं फडकं सोडलं. खर्डा वेगळ्या पानात बांधून दिला होता, कारण भाकरीला लागला की मी कुरकुर करतो. मी कागद काढला, पेन्सिल थुंकीनं ओली केली, आणि मागून धोंडीची गाडी अगदी जवळ आली.

"काय लिवतोस रं, दगडू?"

"काय न्हाई."

मी कागद खिशात घातला. लिहायचं तरी काय? लढाईला गेलेली पोरं आईला चार ओळी धाडत नाहीत आणि हा दाढी पिकलेला बाबा भर रस्त्यात बायकोची आठवण लिहितोय. धोंडीला कळलं असतं तर तारळीच्या धोंड्याची गोष्ट मागं पडली असती आणि माझी सुरू झाली असती. पण आठवण तर आली होती आणि मास्तरांना शब्द दिला होता. मग मी चाकू काढला आणि चाबकाच्या दांडक्यावर एक खूण कोरली.

"आता काय करतोस?" धोंडी. तो एक पाठ सोडत नाही.

"दांडक्याला कीड लागली का बघतोय."

दुसरी कासेगावला. तिथं एक बाई नवऱ्याला चाक धरू लागत होती आणि चुकीचं धरत होती, हनुवटी न लावता. तिसरी इस्लामपूरला, कृष्णी हसली तेव्हा. चौथी आष्ट्याच्या अलीकडं, मैलाचं ते दिसलं आणि मला एकट्यालाच हसू आलं. पाचवी सांगलीला. हळदीचं पेव उघडलं होतं, जमिनीतल्या त्या खोल कोठारातून पोती वर येत होती, आणि हमालांचे हात कोपरापर्यंत पिवळे. आमच्या हळदीच्या दिवशी तिचे असेच होते. सहावी परतताना पेठनाक्यावर, कासारणीच्या दुरडीत हिरव्या बांगड्या दिसल्या तेव्हा.

सातवी कशावरून आली ते सांगता येत नाही. काहीच नव्हतं. सरळ रस्ता, पाठीवर ऊन, बैल आपल्या चालीनं चाललेले, आणि आली. ती खूण सगळ्यांत खोल गेलीय.

"लय ठिकानी लागली का रं कीड?" मागून धोंडीनं विचारलं.

"लय."

घरी आलो. मास्तर वही उघडून ओट्यावर बसलेले. अंगणात मेढीभोवती नऊ खुंट्या, काही जवळजवळ, एक लांब तुळशीपाशी. अनसा चहा घेऊन दारात उभी. आणि धोंडी. त्याची वेसण माझ्या गाडीत राहिली होती, ती घ्यायला म्हणून आला आणि चहाचा वास आला म्हणून थांबला.

"तात्या, कागद?" मास्तर म्हणाले.

मी कोरा कागद दिला.

"वेळा लिहिल्या नाहीत?"

"न्हाई."

"निदान आठवण किती वेळा आली? एकदा? दोनदा?"

धोंडी माझ्याकडं बघत होता. अनसाही बघत होती. मी धोंडीकडं बघून बोललो.

"एकदाबी न्हाई. कामात मानसाला येळ कुठं असतो?"

मास्तरांनी वही मिटली. हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे पडद्याचाच झटका, काकी. मनाला लावून घेऊ नका."

"मी कशाला लावून घेऊ?" ती म्हणाली. सगळ्यांना चहा दिला. मला गूळ जास्त लागतो, तो नेहमीइतकाच होता. मग अंगणात गेली, नऊच्या नऊ खुंट्या उपटल्या, पदरात घेतल्या आणि चुलीत घातल्या. सुकी बाभळ, चांगली जळाली. त्या दिवसापासून तिला उचकी लागली की ती आधी म्हणायची, "पडदा हाललाय वाटतं." हसून म्हणायची. नावं घ्यायची ती नंतर.

याला चार वर्षं झाली. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि उद्या फेरी असायची. मग गुळाला मोटारी लागल्या, फेऱ्या कमी झाल्या, मी दिवस दिवस घरी बसायला लागलो. तरी सांगितलं नाही. चाबूक तर रोज तिच्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगलेला असायचा. दांडक्याला तेल तीच लावायची. सात खुणांवरून तिचा हात जात असणार. तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी बोललो नाही. विचारलं ते गुरुवारी, चाक हातात धरून. तेव्हा तिथं धोंडी नव्हता, मास्तर नव्हते, कुणी नव्हतं. आणि मी म्हणालो, चाक नीट धर.

रात्रीच तिला नदीवर पोचवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. सकाळच्या मोटारीनं कृष्णी आली. मास्तरांनी शाळेला सुट्टी दिली होती. धोंडी माझ्या शेजारी टेकून बसला होता, दाढी खाजवत. दिवस कासराभर वर आला होता. मी उठलो, खुंटीवरचा चाबूक काढला, चाकू घेतला आणि सगळ्यांच्या देखत दांडक्यावर आठवी खूण कोरायला बसलो.

बाया जरा मागं सरकल्या. म्हातारा भ्रमिष्ट झाला असं त्यांना वाटलं असणार.

"दगडू," धोंडी हळूच म्हणाला, "कीड हाय का रं अजून?"

"कीड न्हवती ती," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, मला हळू बोलता येत नाही. "हिची आठवन आली की खाच करीत हुतो. त्या फेरीला सात केल्या. तू मागं हुतास म्हनून खोटं बोललो. मास्तर, तुमच्याम्होरं बी खोटं बोललो."

  मास्तर उठून खोलीत गेले आणि जुनी वही घेऊन आले. ते पान काढलं, बोट ठेवलं, चष्मा पुसला.

"तात्या, काकींच्या नऊ होत्या."

"व्हय. अंगनात नऊ खुंट्या हुत्या."

"तुमच्या सात. मग दोन जास्त होतात."

मी जरा विचार केला.

"दोन म्हशीच्या धरा," मी म्हणालो.

धोंडीला हसू आलं. त्यानं ते पटक्याच्या शेवात दाबलं आणि तिथंच ते रडणं झालं. मास्तरांनी वहीत खाली काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही दाखवलं नाही.

आणि मला उचकी लागली.

चांगली जोरात. अंग हालवणारी. कृष्णी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "आबा, पानी घ्या. नावं घ्या." मी पाणी प्यालो. उचकी तशीच. मग तीच नावं घ्यायला लागली, अगदी आईच्या पद्धतीनं, आधी माहेर, मग सासर. "हौसाक्का. थोरलं मामा. आत्याबाई." बाया मदतीला आल्या, गल्ली झाली. कुणीतरी मुरीचंही नाव घेतलं. मग मेलेल्यांपर्यंत येऊन कृष्णी थांबली. आईचं नाव तिच्या तोंडातून निघेना. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

"आबा, कुनाचं ऱ्हायलं?"

मी उठलो. बैल सकाळपासून तहानलेले होते. सर्जाचं दावं सोडलं, दुसऱ्याचं सोडलं आणि तारळीच्या वाटेला लागलो. आंब्याखाली सर्जा थांबला, तसा मीही थांबलो. घटकाभर थांबलो. नदीवर बैल पोटभर पाणी प्याले, तरी उचकी चालू होती.

नाव मला ठाऊक होतं. घेतलं नाही.